धूलिचित्र : रस्ता आणि सभागृह

जमिनीवर कोरड्या पुडीने काढलेल्या आणि फार तर दोन-चार दिवस टिकणाऱ्या चित्राला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द 1126 ते 1138) याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘धूलिचित्र’ हे नाव असून चित्राच्या प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा दिलेली आहे. मराठी कलासमीक्षेने मात्र रांगोळीला बहुधा सणवाराच्या कौतुकापलीकडे नेले नाही.

यवतमाळ जिल्ह्यात रांगोळी काढत नाहीत, ‘टाकतात’. विदर्भाच्या बोलीतील हे क्रियापद माध्यमाच्या स्वभावाला अधिक जवळचे आहे, कारण शिरगोळ्याच्या पांढऱ्या दगडाची ही पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून खाली पडत असते आणि बोटांचा पृष्ठभागाला स्पर्श होत नाही. शेणसड्याच्या ओल्या अंगणात ती धरून राहते. डांबराच्या खरबरीत रस्त्यावर ती फटींत उतरते, म्हणून तेथे आधी गेरूचा किंवा गडद रंगाचा सपाट थर द्यावा लागतो. अंगणातील ठिपक्यांच्या रांगोळीखेरीज दोन प्रकार आज सार्वजनिक जागेत दिसतात. पहिला ‘संस्कार भारती’ या 1981 साली लखनौ येथे स्थापन झालेल्या संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा, ज्यात पाचही बोटांतून पूड सोडून शंख, गोपद्म, स्वस्तिक अशी चिन्हे मोठ्या गालिच्यात गुंफली जातात. दुसरा व्यक्तिचित्राचा, जो मुंबईच्या गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांमुळे महाराष्ट्रभर प्रतिष्ठित झाला. त्यात छायाचित्र चौकटी आखून मोठे केले जाते आणि गालाची गोलाई किंवा डोळ्यातील ओल रंगीत पुडीचे विरळ-दाट थर देऊन साधली जाते. चुकलेली रेघ खोडता येत नाही, ती पुढच्या थराखाली लपवावी लागते. या एका अडचणीतून या कलेचे बहुतेक कौशल्य जन्मले आहे.

या अभिजात वळणाच्या व्यक्तिचित्राने मिळवलेले यश मोठे आहे, परंतु त्याची किंमत रस्त्याने मोजली. वारा आणि पाय हे दोन्ही शत्रू ठरल्यामुळे ते सभागृहात गेले. वसईजवळच्या जूचंद्र गावाची दिवाळीतील प्रदर्शने या प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण होत. तेथे प्रेक्षक पूर्ण झालेले चित्र दोरीबाहेरून पाहतो आणि ‘अगदी फोटोच’ म्हणतो; ही खरे तर चित्राची स्तुती नव्हे. इटलीत मांतुआजवळील ग्रात्सिए येथे 1973 पासून 15 ऑगस्टच्या मेरीच्या सणाला भरणारा खडूचित्रकारांचा, म्हणजे ‘मादोन्नारीं’चा, मेळा उलट्या दिशेचा आहे: चित्रकार चर्चसमोरच्या उघड्या चौकातील डांबरावर रात्रभर गुडघे टेकून काम करतात आणि चित्र होत असताना पाहणे हाच तेथील सोहळा असतो. खडू हाताने घोटता येतो, रांगोळी घोटता येत नाही, हे खरे. पण फरक केवळ माध्यमाचा नाही.

यवतमाळ शहराकडेही असा चौक आहे: दुर्गोत्सवातले रस्ते. येथील दुर्गोत्सव विदर्भात विख्यात असून नवरात्रात खेड्यापाड्यांतून येणारी माणसे रात्री उशिरापर्यंत शहरभर पायी हिंडतात. एवढा चालता प्रेक्षक कोणत्याही कलादालनाला मिळत नाही, आणि तरीही त्या दिवसांत रांगोळीकडे देखाव्याच्या पायथ्याची सजावट म्हणून पाहिले जाते. परतीच्या पावसाची भीती खरी आहे. मात्र जे चित्र मुळातच पुसले जाण्यासाठी असते, त्याने पावसाला इतके भ्यावे, यात माध्यमापेक्षा प्रतिष्ठेची काळजी अधिक दिसते. प्रदर्शनातील व्यक्तिचित्राच्या कोपऱ्यात कलावंताची सही असते. गौरींच्या, म्हणजे विदर्भातील महालक्ष्म्यांच्या, आगमनासाठी दारापासून देवघरापर्यंत पावले टाकणारी बाई सही करत नाही, आणि घरातली माणसे दिवसभर त्या पावलांवरून ये-जा करतात.