प्रार्थना, व्याधी आणि हेतू

ख्रिस्ती धर्मग्रंथातील दुःखविचाराची चिकित्सा करताना केवळ चमत्कारकथांवर बोट ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आम्हास ती अपुरी वाटते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' (या अनुवादास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला) वाचताना नव्या करारात आमचे लक्ष वेधले ते न फळलेल्या प्रार्थनांनी. गेथशेमानीत येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवितो. तो टळत नाही. पौल देहातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा याचना करतो; काटा राहतो. ग्रंथाने हे लपविले नाही, याबद्दल आम्हास आदर वाटतो. जन्मांध मनुष्य कोणाच्या पापामुळे आंधळा झाला, या शिष्यांच्या प्रश्नावर येशू त्याचे वा आईबापांचे पाप नाकारतो, हे तर पूर्वकर्माच्या नावाखाली शतकानुशतके तुडविल्या गेलेल्या समाजाने आवर्जून वाचावे.

परंतु त्याच करारात याकोबाचे पत्र आहे. श्रद्धेची प्रार्थना रोग्यास वाचवील, असे ते आश्वासन देते. बोईसर-तारापूर परिसरात रोगमुक्तीसाठी ज्या प्रार्थनासभा भरतात, त्यांना पौलाचा काटा नको असतो. त्यांना हे आश्वासन हवे असते. ते फळले नाही की दोष कोणाचा? रोग्याची श्रद्धा उणी पडली, असे उत्तर मिळते. व्याधीने खचलेल्या माणसावर हा दुसरा आघात होय. प्रार्थनेच्या सामर्थ्यावरील विश्वासातून पुरोहित जन्मतो आणि तो सम्यक दृष्टीचा घात करतो, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले, ते येथे तंतोतंत लागू पडते.

मोळियसीवक परिव्राजकाला तथागतांनी वेदनांची कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाह्य आघात, कर्मविपाक हा आठांपैकी केवळ एक. ही यादी घेऊन तारापूरकडे पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वाधिक. हा बाह्य आघात नव्हे काय? खाडीकाठच्या माणसाचा खोकला त्याच्या श्रद्धेच्या मापाने मोजणे म्हणजे कारखान्याच्या नाल्याला निर्दोष ठरविणे. खुद्द दिब्रिटोंनी (२०२४ साली ते निवर्तले) पालघर जिल्ह्यातील आपल्या वसईची हिरवाई व पाणी केवळ प्रार्थनेवर सोपविले नाही. हरित वसईच्या आंदोलनात ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या ग्रंथाचे उत्तम भाष्य आम्हास तेथे दिसते.

अतिसाराने मळात पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वहस्ते धुतले आणि जवळच्यांनी त्याची शुश्रूषा का केली नाही, हे विचारले. येशूही रोग्यांना स्पर्श करी. या दोन परंपरांचा संवाद व्हायचा तर तो येथून व्हावा.

आणि आपल्या घरांचे काय? परित्राणाचे पाणी आजाऱ्याच्या उशाशी ठेवून दवाखाना लांबणीवर टाकणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. महाकस्सपांच्या आजारपणात बोज्झंग ऐकविले गेले, असा दाखला ती देतात. ते सुत्त उघडून पाहावे : स्मृती, धम्मविचय, वीर्य यांसारख्या सात बोध्यंगांची तेथे आठवण दिली आहे, पाण्याचा वा दोऱ्याचा उल्लेख नाही.