काच गुळगुळीत आहे, पण तक्रार काचेची नाही

आज आम्हाला विषय दिलाय अंध व्यक्ती आणि टचस्क्रीन फोन. ‘आम्ही’ म्हणजे पडदा न पाहता फोन वापरणारे आणि इतरांना तो शिकवणारे. या विषयावर कौतुकाची भाषणं पुष्कळ होतात. ‘दिसत नाही, तरी बघा कसा सराईतपणे फोन चालवतो!’ टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो. आम्हाला आज टीका करायची आहे, आणि टीका करायची तर वस्तू आधी नीट समजून घेतली पाहिजे.

जुन्या फोनला खरीखुरी बटणं होती. पाचच्या आकड्यावर छोटासा उंचवटा असे, तो सापडला की बाकीचे आकडे बोटाला आपोआप कळत. नोकियाच्या सिंबियन फोनवर ‘टॉक्स’ किंवा ‘मोबाइल स्पीक’ घातलं की फोन बोलायचा. पण ही सॉफ्टवेअर वेगळी विकत घ्यावी लागत आणि ती स्वस्त नव्हती. म्हणजे डोळस माणूस फोनचे पैसे देई, आणि अंध माणूस फोनचे देऊन वर तो ‘वाचता येण्याचे’ही देई. मग २००७ साली आयफोन आला. एक सपाट काच, उंचवटा नाही, खाच नाही. अंध लोकांसाठी फोनचं दार बंद झालं, असं तेव्हा अनेकांना वाटलं, आणि त्या वेळी ते चूकही नव्हतं.

जून २००९ मध्ये आलेल्या आयफोन थ्री-जी-एसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर फोनमध्येच बसवलेला होता. वेगळे पैसे नाहीत, वेगळा फोन नाही. त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ आला, पण काचेवर बोट फिरवून चाचपण्याची सोय तिथे २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीत आली. तोवर टॉकबॅकसाठी बटणं किंवा फिरता गोळा असलेला फोन शोधत बसावं लागे.

आता यातली खरी युक्ती बघा. डोळस माणसाच्या फोनमध्ये स्पर्श म्हणजेच हुकूम. बोट लागलं की काम झालं. स्क्रीन रीडरनं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. बोट लावलं की फोन फक्त सांगतो, इथे अमुक आहे. हुकूम द्यायचा तर दोनदा टॅप करायचं, आणि तेही काचेवर कुठेही. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. आमच्यासाठी बोट म्हणजे नजर झाली. सरावलेला माणूस आवाजाचा वेग इतका वाढवतो की शेजारी बसलेल्याला ती नुसती किलबिल वाटते. शिवाय पडदा पूर्ण काळा ठेवून फोन चालवता येतो. लोकलमध्ये खांद्यावरून डोकावणाऱ्याला काही दिसत नाही. ही चैन तुम्हा डोळसांकडे नाही बरं का!

म्हणून काचेविरुद्ध आमची तक्रार नाही. स्क्रीन रीडर जे वाचतो, ते पडद्यावरचं चित्र नसतं. तो वाचतो त्या चित्रामागे लिहिलेलं नाव. ॲप बनवणाऱ्यानं ‘पैसे पाठवा’ या बटणाला नाव दिलं असेल तर फोन म्हणेल, ‘पैसे पाठवा, बटण’. नाव दिलं नसेल, नुसता बाणाचा आयकॉन ठेवला असेल, तर फोन म्हणेल, ‘बटण’. पुढे सरकलं की परत ‘बटण’. त्याच्या पुढे, ‘बटण’. शब्दशः एक ओळ लिहायची राहिलेली असते, आणि तेवढ्यामुळे पदवीधर, नोकरी करणारा माणूस आपल्याच खात्यासमोर अडाणी होऊन बसतो.

बरं, हे एकदा दुरुस्त झालं की झालं, असंही नाही. काल चालणारं ॲप आज अपडेट होतं. रंग बदलतात, मांडणी बदलते, आणि नवीन बटणांना नावं द्यायची राहतात. आम्ही एका बँकेला (नाव सोडा) अशी तक्रार कळवली, तेव्हा उत्तर आलं, ‘घरातल्या कुणाची तरी मदत घ्या.’ हे ऐकायला साधं वाटतं. पण या फोनमुळे पहिल्यांदाच असं झालं की आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत नाही, खात्यात किती आहे ते भावाला किंवा सुनेला कळत नाही, एटीएमचा पिन कुणाच्या हाती द्यावा लागत नाही. ‘मदत घ्या’ म्हणजे ते सगळं परत करा. अंध बाईला तर हे दुप्पट लागतं. तिच्या पैशांवर हक्क सांगायला घरात माणसं कमी नसतात.

ओटीपीचं बघा. मेसेज येतो, तो ऐकायला ॲपमधून बाहेर जायचं, सहा आकडे लक्षात ठेवायचे, परत यायचं, रकाना शोधायचा. तोवर मुदत संपते आणि पान पहिल्यापासून सुरू. क्यूआर कोडचं आणखी वेगळं. स्टिकर टपरीच्या कुठल्या बाजूला चिकटवलाय, हे बोटाला कळत नाही. आम्ही सरळ दुकानदाराचा नंबर विचारतो. त्यात एक गंमत आहे. दुकानात ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ असं ओरडणारा डबा असतो ना, तो दुकानदाराच्या सोयीसाठी आला. पण बरोबर रक्कम गेली का, हे त्यातून आम्हालाही कळतं. आमचा विचार न करता केलेली आणि आमच्या कामी आलेली ही वस्तू. उलट नोटांचं झालं. नव्या मालिकेत शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०, आणि रुंदी तिघींची सारखीच. चार मिलिमीटरचा फरक, गर्दीत, घामट बोटांनी ओळखा! मग जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं नोट ओळखणारं ‘मनी’ ॲप काढलं. ॲप उपयोगाचं आहे, ते आम्ही शिकवतोही. पण जे काम नोटेनं करायचं, ते नोट धरणाऱ्याच्या फोनवर ढकललं गेलं. भाजीवाल्यासमोर एका हातात पिशवी, एका हातात नोट, मग फोन कोणत्या हातात धरायचा?

आता मराठी. इथे दोष फक्त कंपन्यांवर टाकून चालणार नाही. तुम्ही व्हॉट्सॲपवर रोमन लिपीत मराठी लिहिता, ते फोन इंग्रजी उच्चारात वाचतो. ‘काय करतोस’चं काय होतं ते एकदा ऐकून बघा. लग्नाची पत्रिका, सोसायटीची नोटीस, शाळेचं वेळापत्रक, सगळं चित्र म्हणून पाठवलं जातं. फोन आम्हाला सांगतो, ‘फोटो’. सरकारी कागद स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकलेला असतो, तोही चित्रच. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली जुनी मराठी पुस्तकं पडद्यावर सुंदर दिसतात, पण फोन त्यातून असंबद्ध इंग्रजी अक्षरं बडबडतो. देवनागरी दिसणं आणि देवनागरी असणं या दोन गोष्टी आहेत.

कुणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र पाहून वर्णन करते, आयकॉन ओळखते, मग अडचण काय? सहलीच्या फोटोत कोण कुठे उभं आहे, याचा अंदाज चालतो, त्यात मजाही येते. पैसे पाठवायच्या बटणाचा अंदाज चालत नाही. ज्यानं बटण बनवलं त्याला त्याचं नाव ठाऊक असतं. त्यानं ते सांगायचं नाही आणि यंत्रानं ओळखत बसायचं, हा उफराटा कारभार झाला.

कायदा नाही, असंही नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची नोंद पन्नास लाखांवर होती, म्हणजे चार डोकी आहेत म्हणून सोडून द्यावं असंही नाही. तरी ई-केवायसीत कॅमेऱ्यासमोर ‘डोळे मिचकावा’ अशी अट घातली गेली. तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करायला पापणी हलवा! ज्यांना ते जमत नाही, त्यात ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियाही आल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं आणि वीस निर्देश दिले. त्यात पापणी मिचकावण्याला पर्याय द्या, हेही आहे.

निकाल चांगला आहे. पण निर्देश न्यायालय देतं, आणि बटणाला नाव देतो तो हिंजवडीत किंवा बंगळुरूत बसलेला एखादा पंचविशीतला इंजिनिअर. त्याला कॉलेजात हे शिकवलेलं नसतं आणि मॅनेजरनं ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हटलेलं असतं. समोर संगणकाचे काही विद्यार्थी बसले आहेत, असं आयोजकांनी सांगितलं. त्यांनी आज घरी जाऊन टॉकबॅक सुरू करावा, पडद्यावर रुमाल टाकावा आणि स्वतः बनवलेल्या ॲपमध्ये लॉगिन करून दाखवावं. आधी टॉकबॅक बंद कसा करायचा तेवढं बघून ठेवा, नाहीतर रात्री अडकून पडाल.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या. मागून कुणीतरी हात वर केलाय असं सांगताहेत, माइक तिकडे द्या.