निशाण आणि खूण : गडवाटांवरच्या ओळखचिन्हाचा प्रश्न

महाराष्ट्रातल्या डोंगरभटक्यांच्या बैठकांत एक सूचना दर दोन-चार वर्षांनी नव्याने येते. आपल्या सगळ्यांचे मिळून एक चिन्ह असावे. बिल्ला असेल, टी-शर्टवरचा छाप असेल, सॅकला बांधायचा छोटा ध्वज असेल; पण कुठल्याही गडावर, कुठल्याही एसटीत समोरचा माणूस ‘आपला’ आहे हे लांबून कळले पाहिजे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या छावणीत एका मित्राच्या ओसरीवर हीच चर्चा तीन तास चालली. समोर सहा नमुने होते. त्यांतल्या पाचांवर भगवा ध्वज होता, चारांवर जिरेटोपही होता. सहाव्यावर नुसता दोर आणि डोंगराची रेघ होती. तो कोणालाच आवडला नाही. मी त्या वेळी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा हिशेब म्हणून हा लेख.

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. दोर बांधणे, वाट शोधणे, पाण्याचा अंदाज घेणे, अंधार पडण्याआधी मागे फिरणे ही कौशल्ये आहेत. कौशल्यावर उभ्या असलेल्या छंदाला सामाईक ओळखचिन्ह लागते का? लागत असेल तर ते कशाची ओळख सांगते, कौशल्याची की माणसाच्या गोताची? मराठीत यासाठी दोन शब्द हाताशी आहेत. निशाण फडकते आणि ‘हे आमचे’ असे सांगते. खूण पडून असते आणि ‘वाट इकडे’ असे सांगते. माझे सगळे म्हणणे या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी आहे.

छावणीतून निघालेले फूल

छावणीत राहणाऱ्याला चिन्हांचे अप्रूप नसते. इथे फाटकावर, गाडीवर, दंडावर, टोपीवर चिन्हे असतातच. फौजेत त्याला कारण आहे. धुराळ्यात आपला कोण आणि परका कोण हे क्षणात ओळखणे हा तिथे जिवाचा प्रश्न असतो. रानावनात जाणाऱ्या मुलांच्या छातीवरचा जगातला सर्वांत प्रसिद्ध बिल्लाही फौजेतूनच आला, आणि तोही हिंदुस्थानातल्या एका छावणीतून. १८९७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाच्या पलटणीचा प्रमुख म्हणून मीरतला आला. टेहळणीचे खास शिक्षण पुरे करणाऱ्या शिपायांना तो एक बिल्ला देई. त्यावरची तीन पाकळ्यांची आकृती म्हणजे नकाशावर आणि होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारी आकृती. पुढे १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरले, १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले आणि ते फूल जगभरच्या बालवीरांचे झाले.

या प्रवासातल्या तीन पायऱ्या ध्यानात घेण्यासारख्या आहेत. नकाशावर ते फूल ही खूण होती. मीरतच्या शिपायाच्या दंडावर ते कौशल्याचे प्रमाणपत्र झाले. जगभर पसरल्यावर ते निशाण झाले. प्रत्येक पायरीवर चिन्ह वापरणारे वाढले आणि ते मिळवण्यासाठी करावे लागणारे काम कमी झाले.

निशाण झाले की ते कोणाचे हा वाद येतोच. आपल्याकडे तो लगेच आला. हिंदी मुलांना सरकारमान्य संघटनेत जागा नव्हती, म्हणून १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. तिथल्या मुलांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी पागोटे होते. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीचे बालवीर उभे केले. गाठी सगळ्यांच्या सारख्याच होत्या, चूल पेटवायची रीतही तीच. भांडण टोपीचे आणि शपथेचे होते. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संघटना झाली आणि तिच्या चिन्हात अशोकचक्र आले. चिन्ह बदलल्यामुळे एकाही मुलाची गाठ अधिक घट्ट बसली नसेल. पण ज्यांना आधी दाराबाहेर ठेवले होते त्यांना आत घेतल्याची ती पावती होती. म्हणजे चिन्ह निरर्थक नसते. ते काय करते आणि काय करत नाही, एवढेच तपासायचे आहे.

एडलवाइसचा धडा

युरोपातल्या आल्प्स पर्वतात एडलवाइस नावाचे पांढरे, लव असलेले फूल उंच कड्यांवर येते. जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबने ते आपले चिन्ह केले. याहून निरुपद्रवी चिन्ह सुचणार नाही. त्यात ना धर्म, ना राजा. तरीही याच क्लबच्या शाखांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ज्यू सभासदांना दारे बंद केली. ज्यू गिर्यारोहकांचा आधार असलेली व्हिएन्नाची ‘डोनाऊलँड’ ही शाखा १९२४ मध्ये क्लबमधून काढून टाकली गेली. त्यांच्या चढाईत खोट नव्हती. दोर तोच होता आणि फूलही तेच होते.

पुढे हेच फूल हिटलरच्या पहाडी पलटणींच्या टोपीवर होते, आणि हिटलरच्या युवक संघटनेला न जुमानता सुट्टीच्या दिवशी गाणी म्हणत भटकायला जाणाऱ्या कामगारवस्तीतल्या पोरांच्या कोटावरही होते. त्या पोरांना ‘एडलवाइस पायरेट्स’ म्हणत. एकच फूल एकाच वेळी जुलूम करणाऱ्याच्या आणि जुलूम नाकारणाऱ्याच्या अंगावर होते. चिन्ह चांगले निवडले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

बुधा मागे राहिला

आपल्याकडे गड चढण्याला नुसत्या व्यायामापेक्षा वेगळी प्रतिष्ठा मिळाली, त्यात गो. नी. दांडेकरांचा वाटा फार मोठा आहे. ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून पायांत बूट चढवलेली एक पिढीच आहे, मी तिच्यातलाच. गडाकडे यात्रेकरूच्या नजरेने बघायला गोनीदांनी शिकवले. आजच्या बिल्ल्यांवरचा ध्वज आणि जिरेटोप या भक्तीतूनच आले आहेत. त्या भक्तीने हजारो मुले गडांवर नेली, टाक्यांतला गाळ उपसला, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या केल्या. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण गोनीदांच्या कादंबऱ्यांत डोंगर कोणाचा आहे? मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतलेल्या म्हाताऱ्या बुधाचा आहे. ‘जैत रे जैत’मधल्या, लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर मांडणाऱ्या ठाकराच्या पोराचा आहे. या माणसांना डोंगर पायांनी ठाऊक आहे, त्यांना बिल्ल्याची गरज पडत नाही. आम्ही वाचकांनी गोनीदांकडून भक्ती घेतली आणि बुधाला माचीवरच ठेवून आलो. आजही गडावर आम्हाला वाट दाखवणारा, भाकरी-पिठले करून घालणारा आणि कोणी कड्यावरून घसरला तर सगळ्यांत आधी खाली उतरणारा वाडीतला माणूस असतो. सहा नमुन्यांपैकी एकही बिल्ला त्याच्यासाठी नव्हता.

देवगिरीवर कोणते निशाण?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद सगळ्यांनाच झाला, मलाही. त्या बारांत मराठवाड्यातला एकही नाही, आणि यात कोणाचा दोष नाही. प्रस्तावाचा विषयच तसा होता. मात्र एका विशिष्ट इतिहासाचे चिन्ह सगळ्या छंदाचे चिन्ह झाले, तर त्या इतिहासाबाहेरचे गड आपोआप दुय्यम ठरतात. आमचे जवळजवळ सगळेच गड तसे आहेत.

देवगिरी भिल्लम यादवाची. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी येऊन गेला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने तिला दौलताबाद करून राजधानी आणली. चांदमिनार बहमनींचा. नंतर निजामशाही आणि मलिक अंबर, १६३३ मध्ये मोगल, १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर काही काळ पेशवे, मग निजाम. नळदुर्ग, परांडा, औसा, कंधार, अंतूर यांचीही कथा अशीच अनेक हातांतून गेलेली. या गडांवर जाणाऱ्याला एकच निशाण दिले तर गडाचा बहुतेक भाग त्याला दिसायचाच नाही.

आणि जाणारी मुले कोण आहेत? आमच्या गटात छावणीतली मुसलमान मुले आहेत, नागसेनवनाच्या बाजूने येणारी बौद्ध मुले आहेत. ओसरीवरच्या त्या चर्चेनंतर त्यांतला एक जण फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. म्हणाला, “काका, महाराज माझेही आहेत. पण बिल्ला लावला की ते मला रोज सिद्ध करावे लागेल. आणि नाही लावला, तर का नाही लावला ते सांगावे लागेल.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. चिन्ह निवडणारे ते अभिमानाने लावतात, त्याची किंमत मात्र भलत्याच माणसाला मोजावी लागते.

पताकेचा दाखला

यावर मित्रांनी वारीचा दाखला दिला, आणि तो वजनदार आहे. शेकडो वर्षे लाखो माणसे पायी चालतात ती पताकेखालीच. पण वारीतले चिन्ह काय करते ते बघावे. दिंडीला क्रमांक असतो. ती रथाच्या पुढे की मागे हे ठरलेले असते. गर्दीत चुकलेला वारकरी त्यावरून आपल्या माणसांत परत येतो. म्हणजे तिथे निशाणच खुणेचे काम करते. गळ्यातली तुळशीची माळही नुसती ओळख नाही. ती घातली की मद्य-मांस सुटते, एकादशी लागते, वारी लागते. माळ आधी घालणाऱ्याला बांधते, मग जगाला काही सांगते. आमच्या बिल्ल्याने कोणाला कशाने बांधले असते? लावायला पैसे सोडून काही लागणार नव्हते.

शिटीचे सहा आवाज

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आम्ही अंतूरला गेलो होतो. कन्नड तालुक्यातला, अजिंठ्याच्या डोंगररांगेतला हा निजामशाही गड. त्या दिवशी आणखी दोन गट वर होते. योगायोगाने तिन्ही गटांचे टी-शर्ट भगवे. उतरताना धुके आले. वाटेत डोकी मोजली, संख्या जुळली, आम्ही निघालो. दोन तासांनी कळले की मोजलेल्यांत एक मुलगा दुसऱ्या गटाचा होता; आमचा पहिल्या दरवाजाशी पाय मुरगळून बसला होता. त्याच्याजवळ शिटी होती आणि तो ती सारखी वाजवत होता. वरच्या माणसांना वाटले, कोणीतरी हुल्लड करतो आहे. मुलगा सुखरूप परत आला, म्हणून ही गोष्ट सांगता येते.

चूक आमची होती. आम्ही रंग मोजला, माणसे मोजली नाहीत. आणि त्याला शिटी देताना ती वाजवायची कशी ते शिकवले नव्हते. संकटाची खूण डोंगरांत ठरलेली आहे: मिनिटाला सहा वेळा शिटी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा. रात्री बॅटरीचा झोत असाच. हेलिकॉप्टर आले तर दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी, एक वर एक खाली म्हणजे नको. ही खूण कोणत्याही धर्माची, देशाची, क्लबची नाही. ती ज्याला येते तो आपला. डोंगरात माझ्या मते आपलेपणाची एवढीच व्याख्या टिकते.

ज्याच्यामुळे तो बिल्ला जगभर गेला, त्या बेडन-पॉवेलची कबर केनियात न्येरी इथे आहे. तिच्यावर एक वर्तुळ आणि मधोमध एक ठिपका कोरला आहे. बालवीरांच्या वाटखुणांत त्याचा अर्थ ‘मी घरी गेलो’ असा होतो. बिल्ल्यांचा एवढा पसारा मांडलेल्या माणसाचा शेवटचा निरोपही एका वाटखुणेतच आहे.

अंतूरच्या वाटेवर निजामशाही काळातला एक दगडी खांब उभा आहे. त्यावर फारसीत कोणती वाट कुठे जाते ते कोरले आहे. तो उभारणाऱ्यांचे राज्य बुडाले, पाठोपाठ आलेल्यांचीही बुडाली, त्यांची निशाणे कुठे गेली ठाऊक नाही. खांब मात्र अजून वाट सांगतो आहे.

पुढच्या बैठकीत मी बोलणार आहे. सामाईक चिन्हाला माझा विरोध राहील. फारच आग्रह झाला तर दोर आणि डोंगराच्या रेघेचा तो सहावा नमुना पुढे करीन, पण दोन अटींवर: तो विकत मिळू नये, गाठी, प्रथमोपचार आणि शिटीची खूण येणाऱ्यालाच मिळावा, आणि पहिला बिल्ला गडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या माणसाला द्यावा. तो लावील की खिशात ठेवील, हा त्याचा प्रश्न.