पूर्वपक्ष हरवलेला निबंध

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद देऊ केलं. पुढे भाषणाचा मजकूर वाचून मंडळ कचरलं आणि परिषद झालीच नाही. बाबासाहेबांनी ते न झालेलं इंग्रजी भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपाने छापलं. एवढा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. मला नेहमी आठवतो तो त्यापुढचा भाग. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्या पुस्तकावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिला लागून आपलं उत्तर दिलं. उत्तरातही पहिलं काम कोणतं, तर गांधीजींचे मुद्दे एकामागून एक मांडून दाखवणं. मग एकेक मुद्दा हातात घेऊन त्याची चिरफाड. भाषेत मवाळपणा कुठेही नाही. पण वाचकाला दोन्ही बाजू शब्दशः समोर दिसतात आणि कोणाचं पारडं जड, हे तो स्वतः ठरवू शकतो.

आज मराठीत वैचारिक लेख भरपूर लिहिले जातात. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, साप्ताहिकं, दिवाळी अंक मिळून वर्षाकाठी शेकड्यांनी लेख वाचायला मिळतात. त्यांतले कितीतरी मन लावून लिहिलेले असतात, माहिती असते, कळकळ असते. तरी वाचून झाल्यावर मला पुष्कळदा एकच प्रश्न पडतो : हे उत्तर कोणाला दिलं आहे? समोर कोण होतं? ‘काही जण म्हणतात’, ‘असा एक मतप्रवाह आहे’, ‘तथाकथित विचारवंतांना वाटतं’ एवढ्यावर विरोधी बाजूची बोळवण होते. ते काही जण कोण, त्यांनी ते कुठे म्हटलं, कोणत्या कारणाने म्हटलं, याचा पत्ता नसतो. शेतात बुजगावणं उभं करावं आणि मग त्यालाच काठीने झोडपावं, तसा हा प्रकार होतो. बुजगावणं पडतं, पण शेतात शिरलेली जनावरं तिथेच चरत असतात.

मराठी वैचारिक गद्याचा जन्म खरं तर उत्तर देण्यातूनच झाला आहे. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा धर्मावर जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने त्याला पुस्तकाने उत्तर दिलं. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत आणि लोक तो ऐकायला गर्दी करत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून. म्हणजे शंका काढणारा माणूस पुस्तकाच्या आतच बसवला. ही सगळी माणसं कोणाला तरी उद्देशून बोलत होती आणि तो ‘कोणी तरी’ उलटून बोलेल, याची त्यांना खात्री होती. त्या गद्याचा जिवंतपणा मला तरी तिथून आलेला वाटतो.

त्याही मागे शास्त्रांची शिस्त होती. मीमांसेत एखाद्या प्रश्नाचा निर्णय करायचा तर आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, त्यानंतरच उत्तरपक्ष, हा क्रम ठरलेला. प्रतिपक्षाचं म्हणणं स्वतः मांडल्याशिवाय सिद्धान्ताला जागाच नाही. त्यासाठी वापरला जाणारा स्थूणानिखनन न्याय मला फार आवडतो. खांब रोवताना तो पुन्हा पुन्हा हलवून पाहतात, तो घट्ट बसावा म्हणून. पूर्वपक्ष म्हणजे आपला खांब आपणच हलवून पाहणं. या पद्धतीत एक उणीवही होती आणि ती झाकून ठेवू नये. शास्त्रकाराचा सिद्धान्त बहुधा आधीच ठरलेला असे, आणि कोणाला पूर्वपक्ष करण्याचा अधिकार आहे हेही. शूद्रांची आणि स्त्रियांची शंका त्या सभेत कोणी विचारात घेतली नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीचा नुसता जयजयकार करून भागणार नाही. तिची शिस्त मात्र आपण सोडली, हे नुकसान खरंच झालं.

ती शिस्त सभेबाहेरच्या एका बाईने कशी वापरली, ते पाहण्यासारखं आहे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्राने त्या निमित्ताने स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला दिलेलं उत्तर म्हणजे १८८२ सालचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. या पुस्तकाची बांधणी नीट पाहा. स्त्रिया कशा दुर्गुणांच्या खाणी आहेत, हे सांगणाऱ्या एका संस्कृत श्लोकातले आरोप ताराबाई उचलतात. एकही गाळत नाहीत, एकही सौम्य करत नाहीत. साहस, कपट, अविचार असा एकेक आरोप पुढे ठेवतात आणि प्रत्येकाला विचारतात, हा पुरुषांत नाही का? मग घरातल्या, बाजारातल्या, कचेरीतल्या पुरुषाचे दाखले देतात. सारा ग्रंथ प्रतिपक्षाच्या यादीवर उभा आहे. यादी त्यांची, क्रम त्यांचा, निकाल मात्र ताराबाईंचा. राग तर ओळीओळीत आहे, पण त्या रागाला आरोपपत्राचं कुंपण आहे, म्हणून तो भरकटत नाही. सत्यशोधकांबाहेर त्या काळी या पुस्तकाची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा कुठे ते आपल्यापर्यंत पोहोचलं. मराठीतला पहिल्या प्रतीचा प्रतिवाद नव्वदएक वर्षं अडगळीत पडून होता, ही लाजेची गोष्ट आहे.

शाळा-कॉलेजांत आपल्याला निबंधाचा आदर्श म्हणून शिकवले गेले ते विष्णुशास्त्री चिपळूणकर. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ काढली आणि मराठी गद्याला जे वजन दिलं, ते कोणी नाकारू नये. मीही नाकारत नाही. पण प्रतिपक्षाशी वागण्याची त्यांची रीत मराठीला महाग पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांचा रोख मुद्द्यापेक्षा भाषेच्या अशुद्धपणावर आणि लिहिणाऱ्याच्या अधिकारावर राहिला. फुले जे विचारत होते, म्हणजे ज्ञान कोणाच्या हाती राहिलं आणि का, त्या प्रश्नाला तिथे उत्तर नाही. लोकहितवादींच्या बाबतीतही उपहासाचाच सूर वरचढ. वाचकाला शास्त्रीबुवांच्या लेखणीची धार दिसते, पण फुले काय म्हणाले ते कळण्यासाठी त्याला फुल्यांकडेच जावं लागतं. ‘समाचार घेणे’, ‘वाभाडे काढणे’, ‘सालटी सोलणे’ हे शब्दप्रयोग आपण आजही कौतुकाने वापरतो. आजच्या लेखांतल्या उथळपणाचं खापर लोक समाजमाध्यमांवर फोडतात. मला तो वारसा बराच जुना वाटतो.

आगरकरांनी दुसरी वाट चोखाळली. ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यांचे लेख पुन्हा वाचा, ते जागोजागी आक्षेपकाला बोलू देतात. ‘विचारकलहाला इतके का भिता?’ हे त्यांच्या एका लेखाचं शीर्षकच त्यांची भूमिका सांगून जातं. संमतिवयाच्या कायद्यावरच्या वादात टिळक आणि ते समोरासमोर होते. टिळकांना बालविवाह हवेत म्हणून ते विरोध करत होते, असं आज कोणी लिहिलं तर ते बुजगावणं ठरेल. परक्या सरकारने कायद्याने आपल्या सामाजिक जीवनात हात घालू नये, समाजाने स्वतःहून लग्नाचं वय वाढवावं, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १८९१ सालच्या कायद्याने संमतीचं वय दहावरून बारा झालं, आणि आज आपण अर्थातच आगरकरांच्या बाजूचे आहोत. पण टिळकांची खरी बाजू मांडली, तरच आगरकर कशासाठी झुंजले ते कळतं. समाज स्वतःहून बदलण्याची वाट किती पाहायची, आणि तोवर दहा वर्षांच्या मुलीचं काय, हा तो झगडा होता.

विसाव्या शतकात ही कला नरहर कुरुंदकरांच्या हाती सर्वांत समृद्ध झाली. वाईचं ‘नवभारत’ मासिक, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, मे. पुं. रेगे यांनीही ती सांभाळली, पण कुरुंदकर सामान्य वाचकापर्यंत घेऊन गेले. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना आहे ती पत्राच्या रूपात. म्हणजे समोर एक नावाचा माणूस आहे, ज्याच्याशी आदराने आणि तरीही मोकळेपणाने मतभेद करायचा आहे. शिवाजी महाराजांचं वेगळेपण कशात, या प्रश्नाची रूढ उत्तरं ते आधी घेतात. लढाया जिंकल्या? त्या इतरांनीही जिंकल्या. राज्य स्थापन केलं? तेही इतरांनी केलं. एकेक उत्तर अपुरं का पडतं हे दाखवत ते आपल्या उत्तराकडे येतात, आणि तोवर आपणही त्यांच्यासोबत विचार करू लागलेलो असतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये पन्नाशीही न गाठता ते गेले. तेव्हापासून आपल्याकडे पूर्वपक्ष इतक्या प्रेमाने मांडणारा लेखक झाला, असं मला म्हणवत नाही. वादाला हक्काची जागा मात्र नागपूरहून १९९० साली दि. य. देशपांडे यांनी सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’ या मासिकाने दिली होती.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता, कमी पटाच्या खेड्यांतल्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या समूहशाळेत न्यावं का. चौदा जण बोलले. अनुकूलवाले आणि प्रतिकूलवाले आपापली पाठ केलेली भाषणं म्हणून खाली बसत होते. आधीचा वक्ता काय बोलला, याच्याशी पुढच्याचा संबंध नव्हता. भाषणांचा क्रम उलटा केला असता तरी काही बिघडलं नसतं. अकराव्या क्रमांकावर एक मुलगी उठली. तिने हातातला कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, “माझ्या आधीच्या मित्राने सांगितलं, की नऊ मुलांच्या शाळेत एकच गुरुजी चार वर्ग एकत्र शिकवतात, मुलांना खेळायला भिडू मिळत नाही. हे खरं आहे. मी अशाच शाळेत शिकले. त्याने सांगितलं नाही ते मी सांगते, आम्हांला लंगडी खेळायलाही दोन बाजू पुरत नव्हत्या.” सभागृह शांत झालं. मग तिने विचारलं, समूहशाळेची गाडी पावसाळ्यात ओढ्यापाशी अडली तर पहिलं घरी कोण बसेल? आणि उत्तर दिलं : मोठी बहीण. कायद्याने शाळा एक किलोमीटरच्या आत का ठेवायला सांगितली, ते तिने दोन वाक्यांत समजावलं. प्रतिपक्षाचा मुद्दा तिने त्याच्यापेक्षा चांगला मांडला होता, त्यामुळे तिचं उत्तर टाळण्याची सोय कोणाला उरली नाही. पाठांतर चोख नव्हतं म्हणून आम्हा तिघा परीक्षकांपैकी एकाने तिला कमी गुण दिले आणि तिचा तिसरा क्रमांक आला.

आपण हेच शिकवतो आणि हेच मोजतो. वैचारिक निबंध म्हटला की एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा, शेवटी सुवर्णमध्य. फायदे कोण सांगतंय आणि तोटे कोण, हे मुलांना कधी विचारलं जात नाही. मतं झाडाला लागल्यासारखी येतात, त्यांना माणूस नसतो. पुढे हीच मुलं लेखक होतात. वृत्तपत्रात सातशे शब्दांची जागा मिळते आणि काटछाट करायची वेळ आली की पहिला बळी विरोधकाच्या परिच्छेदाचा जातो. वाचकांच्या पत्रांचे रकाने आक्रसले. पूर्वी एका लेखावर महिनाभर पत्रं येत, लेखक त्यांना उत्तर देई, आणि त्या उत्तरात मूळ लेखाहून चांगलं काही तरी निघे. दिवाळी अंकातल्या परिसंवादाचंही हेच झालं आहे. एका विषयावर पाच नामवंत लिहितात, पाचही जणांनी एकमेकांचं अक्षर वाचलेलं नसतं. शेजारी शेजारी छापलं म्हणजे संवाद होत नाही.

हल्ली एक समजूत दिसते, की विरोधकाचं म्हणणं नीट मांडलं तर त्याला प्रतिष्ठा मिळते. द्वेष पेरणारं, माणसाला माणूस न मानणारं लिखाण कशाला उद्धृत करायचं? या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक शिवीला पूर्वपक्षाचा मान देण्याची गरज नाही. पण ताराबाईंसमोर काय होतं, ते आठवा. त्यांच्या समस्त स्त्रीजातीला भ्रष्ट ठरवणारा मजकूर होता. त्यांनी तो लपवला नाही, उलट टेबलावर मांडून उलगडला. लोकांच्या मनात आधीच बसलेलं मत आपण उच्चारलं नाही म्हणून तिथून हलत नाही.

यंदाच्या दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणूनच एक विनंती आहे. परिसंवाद ठरवाल तेव्हा पहिला लेख आला की तो दुसऱ्या लेखकाला पाठवा, दुसऱ्याचा तिसऱ्याला. प्रत्येकाला अट घाला, की आधीच्या लेखातलं सर्वांत बळकट म्हणणं नाव घेऊन मांडल्याशिवाय तुमचं म्हणणं सुरू करू नका. शेवटी पहिल्या लेखकाला उत्तरासाठी दोन पानं राखून ठेवा. अंक पंधरा दिवस उशिरा निघाला तरी चालेल, आम्ही वाचक थांबू.