उडी फाशावर टाकता येते का?

'डाँकी काँग' (१९८१) हा प्लॅटफॉर्म गेम खेळलेल्या कुणालाही विचारा, त्यातली उडी हा एक निर्णय असतो. मारिओ एकदा हवेत गेला की दिशा बदलता येत नाही. पिंपावर आदळला तर चूक आपलीच.

१९८२ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने त्याचा बोर्ड गेम काढला. तुळया आल्या, शिड्या आल्या, पिंपंही आली. पण मारिओ किती घरं चालणार हे फासा ठरवतो. म्हणजे झाली की सापशिडी! चित्र उतरलं, उडी राहून गेली.

असं का होतं? स्टीव्ह स्विंक 'गेम फील' (२००८) या पुस्तकात तीन घटक सांगतो: त्या क्षणी हातात असलेलं नियंत्रण, खेळातली आभासी जागा आणि वरचा साज. शेवटचे दोन बोर्डवर कसेबसे आणता येतात, पहिला निसटतो.

'कपहेड'वरच्या फाशांच्या खेळाने निदान घड्याळ तरी लावलं. वेळ संपायच्या आत उडी, डॅश वगैरे हवी ती चिन्हं पाडायची. धांदल अगदी खरी! पण पडद्यावर विसाव्यांदा मेल्यावर मला बॉसची चाल कळलेली असते. विसाव्यांदा टाकलेला फासा मला काहीच शिकवत नाही.

म्हणजे नुसता वेग आणून भागत नाही, चूक खेळणाऱ्याच्या हातून व्हायला हवी. तसा खेळ आपल्या घरात आहेच. कॅरमचा स्ट्रायकर सुटला की सुटला, आणि बोट सरावाने सुधारतं. असा बोर्ड गेम करायला बसणाऱ्याने फासा बाजूला ठेवून आधी टिचकीचा विचार करावा.