तीन भाऊ आणि एक आरसा

ख्रिस बेलची ‘बिगर, स्ट्राँगर, फास्टर’ ही डॉक्युमेंटरी २००८ ची, म्हणजे इन्स्टाग्रामच्याही आधीची. तरी स्टेरॉइड्सवर काय बघू असं कुणी विचारलं तर मी अजून हीच सांगतो. सोबत एक तक्रारही सांगतो.

बेल बंधू तिघं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात वाढलेले, हल्क होगन, रँबो आणि अरनॉल्डला देव मानणारे. पुढे कळतं की देवांचं शरीर नुसत्या व्यायामाचं नव्हतं. थोरला माइक आणि धाकटा मार्क तोच रस्ता धरतात. मधला ख्रिस घेऊन बघतो, मन खातं म्हणून सोडतो आणि कॅमेरा घेऊन घरी येतो. आईला मुलांचं खरं कळतं तेव्हा ती रडते, आणि ख्रिस तेही दाखवतो. मला हे धाडस वाटतं.

सप्लिमेंटवाल्यांची पोल तो मस्त खोलतो. स्वतःचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो एकाच दिवशी काढून घेतो! पण मला जास्त लक्षात राहिला तो ग्रेग व्हॅलेंटिनो. दंड इतके प्रचंड की बघवत नाही. माझ्याकडे बायका नाही, पुरुषच ओढले जातात, असं तो बिनधास्त सांगतो. जिममधल्या आरशासमोर टी-शर्ट वर करून फोटो काढणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, लाइक कुणाचे येतात.

आता तक्रार. अर्धा चित्रपट एकाच प्रश्नात जातो: स्टेरॉइड्स खरंच एवढी वाईट आहेत का? मग दारू-तंबाखूशी तुलना, सरकारचा दुटप्पीपणा वगैरे. वादात ख्रिस जिंकतो, पण ‘याने माणूस मरतो का’ एवढाच प्रश्न नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. शुक्राणू घटतात. औषध सोडलं की कित्येक आठवडे, कधी महिने, दोन्हीकडून ठणठणाट. मन खचतं, आणि नेमके तेव्हाच स्नायू उतरायला लागतात. अशा दिवसांत आरशात बघायचं. मग माणूस परत सुई का धरतो, हे समजायला आणखी काय हवं? चित्रपट इथे थांबायला हवा होता.

आपण ‘कमावलेलं शरीर’ म्हणतो. १९९६ मध्ये शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन. औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं चरबी वगळून वजन तीन किलोच्या वर वाढलं. औषधाविना घाम गाळणाऱ्यांचं दोनच्या आसपास. औषध आणि व्यायाम दोन्ही, तर सहा. हे आकडे वाचून मला राग आला होता, कारण मी मधल्या गटातला. आणि आपली तुलना रोज तिसऱ्या गटाशी होते, तीही न सांगता.

हॅरिसन पोप या मानसोपचारतज्ज्ञाने १९९९ मध्ये जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक मोजला होता. माणसाएवढा केला तर १९६४ च्या बाहुल्याचा दंड १२.२ इंच, नव्वदीतल्या ‘एक्स्ट्रीम’चा २६.८. माझा साडेतेरा. म्हणजे १९६४ मध्ये मी सैनिक म्हणून खपलो असतो; आज टी-शर्टची बाही जरा खाली ओढून घेतो.

हे सगळं चित्रपटात एकाच माणसात दिसतं, माइकमध्ये. व्यावसायिक रेसलिंगमध्ये त्याचं काम होतं स्टार पैलवानांकडून हरण्याचं. तरी आपण मोठं होण्यासाठीच जन्माला आलो, असं तो कॅमेऱ्यासमोर मनापासून सांगतो. ख्रिस त्याला काही पटवायला जात नाही. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात माइक गेला, वय ३७. पुन्हा बघताना मी कायद्याच्या चर्चा पुढे ढकलतो आणि त्याचे सीन बघतो.