दोन फ्रेमची फुंकर

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (1962) मधली ती काडी कितीदा पाहिली तरी माझं मन भरत नाही. कैरोतल्या कचेरीत पीटर ओ’टूल जळती काडी चेहऱ्यासमोर धरतो, ज्योतीकडे टक लावून पाहतो आणि फुंकर मारतो. त्याच क्षणी पडदाभर वाळवंट. तांबडं क्षितिज, सूर्य अजून वर यायचाय. इवल्याशा ज्योतीचा रंग आभाळभर पसरलेला.

पटकथेत इथे डिझॉल्व्ह होता. एक दृश्य दुसऱ्यात हळूहळू विरघळणार होतं. तेव्हा डिझॉल्व्ह प्रयोगशाळेतून तयार होऊन यायचा. तोवर कच्च्या प्रतीत दोन्ही तुकडे नुसते एकापुढे एक जोडलेले असत. ती जोडणी पडद्यावर पाहिली आणि संकलक ॲन कोट्स, दिग्दर्शक डेव्हिड लीन दोघंही तिच्या प्रेमात पडले. लीन यांनी ती अचूक करून आणायला सांगितली. कोट्सबाईंनी दोनच फ्रेम काढल्या. सेकंदाचा बारावा हिस्सा! आयतं हाती आलेलं सोनं ओळखायचं आणि त्याला जेमतेम हात लावायचा, ही जाण फार थोड्यांकडे असते.

या चित्रपटाने त्यांना ऑस्कर दिलं. सिनेमात येण्याआधी त्या परिचारिका होत्या. पुढे ‘द एलिफंट मॅन’ झाला, मग हॉलिवूडची दीर्घ कारकीर्द. तिच्यातला माझा सर्वांत लाडका चित्रपट स्टीव्हन सोडरबर्ग यांचा ‘आउट ऑफ साइट’ (1998).

डेट्रॉइटमधलं हॉटेल, काचेबाहेर भुरभुरणारा बर्फ. बँका लुटणारा जॉर्ज क्लूनी आणि त्याच्या मागावर असलेली मार्शल जेनिफर लोपेझ समोरासमोर बसून बोलताहेत. बोलणं इथलंच ऐकू येतं, चित्रं मात्र पुढे धावतात, वरच्या खोलीत पोचतात, परत येतात. मधेच एखादी चौकट क्षणभर थिजते. या दोघांना मिळालेली रात्र एकच आहे; कोट्सबाई तिला थोडं थांबवून धरतात. इतकं नाजूक प्रणयदृश्य मी अमेरिकी सिनेमात क्वचितच पाहिलंय. तेव्हा त्यांचं वय 70 च्या पुढे होतं.

2016 मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळालं, 2018 मध्ये त्या गेल्या. ‘लॉरेन्स’ मोठ्या पडद्यावर पाहायची संधी आली तर दवडू नका. आणि फुंकर मारली जाईल तेव्हा पापणी लवू देऊ नका.